सोलापूर आणि सेंट जॉन्स : दोन्हीकडच्या घड्याळात अर्धा तास कुठनं आला?

साखरपेठ | २० जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच.

माझी धाकटी बहीण दोन वर्षांपूर्वी कॅनडाला शिकायला गेली. टोरांटो, व्हँकूव्हर असं नाव सांगितलं असतं तर पेठेत सगळ्यांना कळलं असतं, पण ती गेली सेंट जॉन्सला. न्यूफाउंडलंड म्हणून एक मोठं बेट आहे, त्याच्या पार पूर्वेच्या टोकाला हे गाव. गावाबाहेर केप स्पिअर नावाचं ठिकाण आहे, ग्रीनलंड सोडलं तर उत्तर अमेरिकेची जमीन पूर्वेला तिथं संपते. त्याच्या पुढं निव्वळ अटलांटिक. सोलापूर ते सेंट जॉन्स सरळ रेघ मारली तरी अकरा हजार किलोमीटर भरतंय.

आता मुद्दा घड्याळाचा. ती गेली त्या पहिल्याच आठवड्यात आईच्या लक्षात आलं की तिचा मिनिटकाटा आणि आमचा मिनिटकाटा एकाच जागी असतो. आमच्याकडं सव्वा आठ तर तिच्याकडं सव्वा बारा. माझा मावसभाऊ टोरांटोत असतो, त्याच्याशी बोलताना कायम अर्ध्या तासाचा घोळ, कारण फरक साडेनऊ नाहीतर साडेदहा तासांचा. बहिणीचं मात्र सरळ, उन्हाळ्यात आठ तास आणि थंडीत नऊ. आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढं, ते साडेतीन तास मागं (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं करतात तेव्हा अडीच), म्हणून अर्ध्यात अर्धा मिळून जातो. जगात असे अर्ध्या तासाचे देश-प्रदेश मोजकेच आहेत आणि त्यातल्या दोन टोकांना आमच्या घरातली माणसं बसलेली.

या सगळ्यात खोल शिरलो ते गेल्या नोव्हेंबरात. आई सकाळी सहाला उठून दूध तापवते तेव्हा बहिणीचे रात्रीचे दहा वाजलेले असतात, ती झोपायच्या आधी रोज फोन करते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांनी घड्याळं एक तास मागं घेतली. बहीण अभ्यासात होती, सांगायचं राहिलं. आमच्याकडं सहा वाजले, सव्वासहा झाले, साडेसहा झाले, फोन नाही. आई हातात फोन धरून देवघरासमोर बसली ती बसलीच, दूध उतू गेलेलं पण कळलं नाही. सातला फोन आला तेव्हा आई बोलेना, नुसती रडली. बहिणीच्या दृष्टीनं तिनं बरोबर दहालाच फोन केला होता. त्या दिवशी मी ठरवलं की हे वेळेचं प्रकरण मुळापासून समजून घ्यायचं.

आणि समजून घेता घेता असं वाटायला लागलं की घड्याळ आणि गावाचा स्वभाव यांचं काहीतरी नातं आहे. आपलं सोलापूर म्हणजे एप्रिल-मे मध्ये ४३-४४ अंश, दुपारी रस्ता मोकळा, संध्याकाळी सहानंतर नवी पेठ, पार्क चौक सगळं जागं होतं. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, त्यामुळं घरातल्या बाईचं घड्याळ पाण्यावर चालतं, रात्री दोनला पाणी आलं तर दोनला दिवस सुरू. तिकडं बहीण सांगते की वर्षातले शंभरावर दिवस धुकं, जुलैत वीस अंश झाले की लोक म्हणतात आज काय उकडतंय, घरं सगळी लाकडी आणि लाल-पिवळ्या-निळ्या रंगांची, पावसाळी छायेत ती ओळ उठून दिसते.

तर ज्यांनी यातलं एखादं गाव जवळनं बघितलंय त्यांनी लिहा. त्यांचा अर्धा तास कुठनं आला, आपला कुठनं आला, आणि त्यानं माणसाच्या जगण्यात काय फरक पडतो, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

नभांगण | २० जून, रात्री ११:०२

फार छान विषय. घड्याळाच्या आधी सूर्याचा हिशोब सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

पृथ्वीला एक रेखांश फिरायला ४ मिनिटं लागतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर धरली आहे, ती रेघ उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. सोलापूर साधारण ७५.९ अंशांवर. म्हणजे ६.६ अंश पश्चिमेला, गुणिले ४, आले २६ मिनिटं. सोलापुरात सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी १२ वाजून २६ मिनिटांनी, बाराला नाही. वर्षभरात हे मागंपुढं होतं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १२:१० आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:४०.

आता सेंट जॉन्स बघा. ते ५२.७ अंश पश्चिम रेखांशावर आहे आणि साडेतीन तासांची रेघ म्हणजे बरोबर ५२.५ अंश. फरक एका मिनिटाच्या आत! थंडीत त्यांच्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा सरासरीनं खरोखर मध्यान्ह असते. म्हणजे त्यांचा अर्धा तास कुणी वाटाघाटीत काढलेला आकडा नाही, तो त्यांच्या स्वतःच्या आभाळातला आहे. आपला अर्धा तास मात्र सगळ्या देशाला मिळून एक मधली रेघ शोधताना आलेला आहे.

अजून एक गंमत. निव्वळ सूर्य धरला तर सोलापूर आणि सेंट जॉन्समधला फरक ८ तास ३४ मिनिटांचा. घड्याळात तो उन्हाळी ८ आणि थंडीत ९, खरा आकडा जवळजवळ मधोमध.

अवांतर : आपल्या भिंतीवरच्या बऱ्याच कॅलेंडरांत सूर्योदय मुंबईचा छापलेला असतो. सोलापूर मुंबईच्या तीन अंश पूर्वेला, तेव्हा आपल्याकडं सगळं साधारण १२ मिनिटं आधी धरायचं. आणि सध्या जूनमध्ये दुपारी अंगणात काठी रोवून बघा, सावली दक्षिणेकडं पडते, कारण सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो बरोबर माथ्यावर होता तेव्हा सावली पायाखाली गेली होती. सेंट जॉन्समध्ये हे कधीच घडत नाही. २१ जूनला सुद्धा तिथं सूर्य ६६ अंशांपर्यंतच चढतो आणि डिसेंबरात भरदुपारी जेमतेम १९ अंश.

दादरकर | २१ जून, सकाळी ७:४८

नभांगण यांनी सूर्य सांगितला, मी थोडा इतिहास सांगते. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. त्याआधी मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढं होती, कलकत्त्याची वेगळी, आणि रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर. म्हणजे स्टेशनावरचं घड्याळ एक सांगणार आणि बाजारातलं दुसरं. सोलापूरला रेल्वे १८६० ला आली, तेव्हा तुमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनं हे सगळं अनुभवलेलं असणार.

मुंबईनं नवी वेळ सहजासहजी घेतली नाही. ३९ मिनिटं घड्याळ पुढं गेलं म्हणजे गिरणी कामगाराला ३९ मिनिटं आधी अंधारात उठून निघायचं, म्हणून १९०६ मध्ये कामगारांनी विरोध केला. महानगरपालिकेनं तर कितीतरी वर्षं मुंबईची वेळ धरून ठेवली, ती पूर्णपणे सुटली १९५५ मध्ये. माझे आजोबा लग्नपत्रिकेत मुहूर्ताच्या पुढं कुठली वेळ ते लिहिलेलं असायचं असं सांगायचे. त्यामुळं न्यूफाउंडलंडवाले आपला अर्धा तास सोडत नाहीत हे मला अगदी जवळचं वाटलं.

सिग्नलहिल | २१ जून, संध्याकाळी ५:२०

हा धागा बघून लॉगिन केलं! मी मूळची जुळे सोलापूरची, सेंट जॉन्समध्ये ११ वर्षं झाली, इथं हॉस्पिटलमध्ये काम करते. रात्रपाळी संपवून आलेय, तुमच्याकडं संध्याकाळ आहे, माझ्याकडं सकाळचे नऊ वीस. साखरपेठ, तुमच्या बहिणीला माझा निरोप द्या, इथल्या गणपतीला ती नक्की भेटली असेल.

अर्धा तास का टिकला याचं उत्तर इथली म्हातारी माणसं एका वाक्यात देतात, आम्ही तेव्हा कॅनडा नव्हतो. आणि ते खरंच आहे. न्यूफाउंडलंड हा वेगळा स्वराज्य असलेला प्रदेश होता, स्वतःची वेळ त्यानं स्वतः ठरवली. ती पूर्वी ३ तास ३० मिनिटं ५२ सेकंद मागं अशी होती, सेकंदासकट, ५२ सेकंद गळाले ते १९३५ मध्ये. कॅनडात सामील झाले १९४९ मध्ये, ते पण मतदानात जेमतेम ५२ टक्क्यांनी. त्यामुळं निम्म्या घरांत अजून हळहळ ऐकायला मिळते. १९६३ मध्ये इथल्या सरकारनं शेजारच्या प्रांतांच्या वेळेबरोबर जायचं ठरवलं होतं तर लोक एवढे चिडले की निर्णय मागं घ्यावा लागला. १९८८ च्या उन्हाळ्यात तर एकदम दोन तास घड्याळ पुढं करून बघितलं, तो प्रयोग एकाच वर्षात संपला. मुलं सकाळी अंधारात शाळेला जात होती, असं माझी शेजारीण सांगते.

माझ्या नावात जी सिग्नल हिल आहे ती बंदराच्या तोंडावरची टेकडी. १२ डिसेंबर १९०१ ला मार्कोनीनं तिथं अटलांटिकपलीकडून आलेला पहिला बिनतारी संदेश पकडला. पतंगाला तार बांधून वर सोडली होती आणि ऐकू आलं ते फक्त एस अक्षर, तीन टिंबं. आणि त्याच टेकडीवरून दुपारी बाराला तोफ उडवायची पद्धत आहे. जुन्या काळी बंदरातली जहाजं त्यावर घड्याळं लावायची. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी दचकले होते, आता तोफ झाली की डबा उघडते.

स्वभावाबद्दल एवढंच सांगेन की इथं पत्ता विचारला तर माणूस गाडीतनं उतरून सोबत येतो. सोलापुरात आपण पत्ता विचारल्यावर “चला की, मी तिकडंच निघालोय” म्हणतो ना, तसंच. अकरा सप्टेंबर २००१ ला अमेरिकेचं आकाश बंद झालं तेव्हा याच बेटावरच्या गँडर या छोट्या गावात ३८ विमानं उतरवली होती, हजारो प्रवासी, आणि लोकांनी त्यांना शाळांत, घरांत ठेवून घेतलं, जेवू घातलं. मी इथं आले त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट, पण इथं राहिल्यावर ती ऐकून आश्चर्य वाटत नाही.

साखरपेठ | २१ जून, रात्री ८:५५

ताई, तुम्ही भेटलात हे लई बरं झालं. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली आपल्या गावची बाई आहे तिथं, मग मला काळजी नाही. दुपारच्या तोफेचं बहीण पण बोलली होती, पण ती वेळेसाठी होती हे माहीत नव्हतं. म्हणजे आमच्याकडं आत्ता रात्रीचे आठ वाजले तेव्हा ती उडाली!

भोंगा | २१ जून, रात्री ९:३०

तोफेचं वाचलं आणि राहवलं नाही. माझे वडील विष्णू मिलमध्ये साच्यावर (मागावर) होते.

सोलापूरचं घड्याळ म्हणजे मिलचा भोंगा. घरात मनगटी घड्याळ नव्हतं, भिंतीवरचं पण नव्हतं, आणि कुणाला त्याची गरज पण पडली नाही. पहिला भोंगा झाला की आई चूल पेटवायची, दुसऱ्याला वडील डबा घेऊन बाहेर, तिसऱ्याला फाटक बंद. पहिल्या पाळीचा भोंगा, दुसऱ्या पाळीचा भोंगा, आम्ही पोरं शाळेला त्याच्यावर, दूधवाला त्याच्यावर, लग्नाच्या पंगती सुद्धा “भोंग्यानंतर” बसायच्या. वेगवेगळ्या मिलचा आवाज वेगळा होता, वडिलांची पिढी डोळे मिटून सांगायची हा जुन्या मिलचा, हा लक्ष्मीचा. जुनी मिल १८७७ ची, ती साठच्या दशकातच बंद पडली, तिचा भोंगा मी वडिलांच्या तोंडूनच ऐकला. लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात बंद झाली ती मात्र माझ्या डोळ्यांदेखत.

मिल बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी वडील नेहमीच्याच वेळेला उठले. भोंगा झाला नाही तरी उठले. आंघोळ करून कपडे घालून ओट्यावर बसून राहिले. असं कितीतरी महिने चाललं. मी तेव्हा नववीत होतो, मला त्यांच्याजवळ जाऊन बसायचं सुचलं नाही याचं आज वाईट वाटतं. पुढं ते पूर्व भागात एका चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर लागले, तिथं पाळी होती पण भोंगा नव्हता, मालक मोबाईल येण्याआधी सायकलवरनं पोरगा पाठवून बोलवायचा.

तुमच्या त्या गावानं तोफ ठेवली. आमचा भोंगा कुणीतरी ठेवायला पाहिजे होता. दिवसातनं एकदा वाजवला असता तरी चाललं असतं.

सिग्नलहिल | २२ जून, पहाटे ४:१०

भोंगा, तुमचं वाचून गलबलून आलं. मी पण गिरणगावाजवळच वाढले. आणि तुम्हाला सांगते, तुमच्या वडिलांसारखी माणसं मी इथं रोज बघते, फक्त त्यांचा कारखाना समुद्र होता.

इथं कॉड माशावर पाचशे वर्षं जगले लोक. नुसतं “फिश” म्हटलं तर कॉडच समजायचा, बाकीच्या माशांना त्यांची त्यांची नावं. मोठमोठे ट्रॉलर आले, उपसून उपसून मासा संपवला, आणि २ जुलै १९९२ ला सरकारनं कॉडची मासेमारी बंद केली. सुरुवातीला दोन वर्षांसाठी म्हणून सांगितलेली बंदी. जवळजवळ तीस हजार माणसांचं काम एका दिवसात गेलं, कॅनडाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी कामगार कपात म्हणतात तिला. दोनाची वर्षं झाली बत्तीस, बंदी उठल्याचं जाहीर झालं ते २०२४ च्या जूनमध्ये, आणि ते सुद्धा आधीच्या मानानं थोड्याशाच माशासाठी.

माझ्या वॉर्डात एक ऐंशीच्या पुढचे आजोबा होते. पहाटे साडेतीनला जागे व्हायचे आणि वारा कुठला आहे ते विचारायचे. नवीन नर्सेसना वाटायचं भ्रम झालाय. भ्रम नव्हता, त्यांची होडीची वेळ होती ती. मी त्यांना खिडकीपाशी नेऊन वारा सांगायचे, मग ते शांत झोपायचे. तुमचे वडील ओट्यावर बसायचे आणि हे खिडकीपाशी.

विजापूर_वेस | २२ जून, सकाळी ११:१५

बहोत खूब धागा. माझा चुलतभाऊ तिकडं होता तीन वर्षं, त्याचं रोज्याचं सांगतो. २०१८ चा रमजान मे-जूनमध्ये आला होता. तिकडं पाचला उजाडतंय आणि नऊच्या सुमाराला सूर्य बुडतोय, सहरीपासून (पहाटेच्या खाण्यापासून) धरलं तर सतरा तासांच्या वर रोजा. आम्ही इथं साडेचौदा तासांत आटोपतो. अम्मी त्याच्या काळजीनं हैराण, पोरगा कसा राहतोय म्हणून. तो फोनवर म्हणाला, चाची, भूक लागती, तहान नाही लागत, बाहेर आठ अंश आहे आणि धुकं गालाला लागतंय. आम्ही इथं ४२ अंशांत, घसा कोरडा, मगरिबच्या (सूर्यास्ताच्या नमाजाच्या) आधीचा शेवटचा तास मोठा वाटतो. त्याचा रोजा लांब आणि आमचा कडक.

मजा म्हणजे आमची इफ्तार व्हायची तेव्हा त्याची दुपार पण झालेली नसायची. सगळं घर दस्तरखानावर, व्हिडिओ कॉल लावलेला, तो नुसता बघत बसायचा. नंतर मीच घरात सांगितलं की इफ्तारच्या टायमाला कॉल नको, सहरीला करू. आमची सहरी म्हणजे त्याची इफ्तार व्हायला जरा वेळ असायचा, मग आमचं खाऊन झालं की त्याचं सुरू होईपर्यंत बोलत बसायचो.

मु_पो_बार्शी | २२ जून, दुपारी १:४०

वाचतोय सगळं, चांगलं लिहिताय. पण एक मनात आलेलं स्पष्ट बोलतो. ते घड्याळ पुढं-मागं करणं मला पटत नाही. आमच्याकडं म्हशी आहेत आठ. म्हैस धारेला उभी राहते ती तिच्या वेळेला. नोव्हेंबरात तिला सांगणार का आजपासून तासभर उशिरा? तिकडं पण दुधाचा धंदा असेलच की. ज्वारीची राखण, हुरड्याचा हंगाम, वाफसा, हे सगळं उन्हावर आणि ओलीवर चालतंय. आपण घड्याळ बदलत नाही हे मला आपल्या देशाचं बरोबर वाटतं.

नभांगण | २२ जून, दुपारी ३:०५

बार्शीकर, म्हशीच्या बाजूनं मी पण आहे. पण त्यांची अडचण समजून घेऊ. सोलापुरात सगळ्यात मोठा दिवस सुमारे १३ तासांचा आणि सगळ्यात छोटा ११ तासांचा, फरक दोन तासांचा. सेंट जॉन्समध्ये जूनमध्ये १६ तास आणि डिसेंबरात साडेआठ. त्यांनी घड्याळ बदललं नाही तर जूनमध्ये पहाटे चारलाच ऊन पडेल आणि संध्याकाळी आठला मावळेल, मग कामावरून आल्यावर उजेड कमी मिळतो. आपल्याला बदलायची गरजच नाही, कारण आपल्याकडं सरकवायला जास्तीचा उजेड नाही.

आपल्याकडं सुद्धा एकदा बदललं होतं बरं का. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ भारताचं घड्याळ एक तास पुढं, म्हणजे साडेसहा तासांवर ठेवलं होतं. तेव्हा सोलापुरात सूर्य माथ्यावर यायचा दुपारी दीडच्या सुमाराला.

दिब्रुगड_ते_दादर | २२ जून, संध्याकाळी ६:३०

मी नोकरीनिमित्त आसामात सहा वर्षं काढली. एका देशाला एकच वेळ याचा त्रास तिथं कळतो. डिसेंबरात साडेचारला अंधार आणि जूनमध्ये पहाटे चारला लख्ख. म्हणून चहाच्या मळ्यांत अजून बागानवेळ चालते, प्रमाणवेळेच्या एक तास पुढं. मजुरांना विचारलं तर ते दोन्ही वेळा सांगतात. दोन वेळा केल्या तर बिघडेल काय?

दादरकर | २२ जून, रात्री ८:०१

रेल्वेचा विचार करा. मधे एका रेघेवर सगळ्या गाड्यांची वेळ बदलणार, एकेरी मार्गावर ते धोक्याचं आहे. मला वाटतं आसामात ऑफिसं-शाळा लवकर सुरू कराव्यात, घड्याळ तेच ठेवावं. आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या चीनमध्ये गेले आणि तिथंच वारले, त्या एवढ्या रुंद देशातही आज एकच वेळ आहे, पण पश्चिमेच्या भागात लोक कामं उशिरा सुरू करतात.

टोरांटोत_एक | २३ जून, सकाळी ७:१२

मधेच येतोय. इथं टीव्हीवर, रेडिओवर कार्यक्रमाची वेळ सांगताना शेवटी कायम जोडतात, “आणि न्यूफाउंडलंडमध्ये अर्धा तास उशिरा.” एवढ्या मोठ्या देशात त्या पाच लाख लोकांच्या बेटाचं नाव रोज घेतलं जातं ते या अर्ध्या तासामुळं. तिथं तर त्याहून मजेशीर आहे, शेजारी सेंट पिएर म्हणून फ्रान्सची चिमुकली बेटं आहेत, होडीनं तासा-दीड तासात पोचता, पण घड्याळ अर्धा तास पुढं आणि खिशात युरो लागतात.

शेंगाचटणी | २३ जून, दुपारी १२:३३

खाण्याचं कुणीच लिहिलं नाही! ताई, तिकडं आपल्यासारखं काही मिळतं का?

सिग्नलहिल | २३ जून, दुपारी ३:५०

मिळतं की! रविवारी इथं घरोघर जिग्ज डिनर असतं, खारवलेलं बीफ, त्यातच बटाटे, गाजर, कोबी, सलगम शिजवायचं, आणि सोबत पिवळ्या वाटाण्याची डाळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून त्याच पातेल्यात सोडायची. ती डाळ घट्ट गोळा होऊन बाहेर येते. मी बीफ खात नाही, शेजारीण माझ्यासाठी पुरचुंडी वेगळ्या पातेल्यात शिजवते, मी त्यावर आपली शेंगाचटणी आणि तेल घालून खाते. आता तिला पण तशीच लागते. कडक भाकरी इथं महिनोन्‌महिने टिकते, दमट हवेत फक्त डब्यात तांदूळ घालून ठेवावी लागते. त्यांच्याकडं पण कडक पावासारखं हार्ड ब्रेड असतं, होडीवर न्यायचं, रात्रभर भिजवून माशाबरोबर खायचं. लांब जाणाऱ्या माणसाच्या शिदोरीला दोन्हीकडं तीच युक्ती सुचली.

आणि एक सांगायचं राहिलं. १७ जानेवारी २०२० ला इथं एका दिवसात ७६ सेंटिमीटर बर्फ पडलं. दार उघडलं तर समोर पांढरी भिंत. आठ दिवस शहर बंद, सैन्य बोलवलं होतं. त्याच्या दोन-तीन दिवस आधी सिद्धेश्वराच्या यात्रेतला अक्षता सोहळा मी पहाटे चारला उठून फोनवर बघितला होता. संमती कट्ट्याभोवती बाराबंदी घातलेली पांढरीशुभ्र गर्दी, नंदीध्वज, हर्र बोला हर्र. मग खिडकीबाहेर ते बर्फ बघताना डोळ्यांसमोर तीच गर्दी येत होती. एकटी होते, पण भीती नाही वाटली.

पूर्वभाग | २३ जून, रात्री १०:२०

आमच्या घरी तेलुगू, गल्लीत मराठी-कन्नड, चुकलं तर समजून घ्या. आमची अम्मा विड्या वळते, चाळीस वर्षं झाली. तिचा भाऊ मस्कतला, एक जाऊबाई अमेरिकेत, सगळ्यांच्या वेळा तोंडपाठ. तिला घड्याळाचं गणित वेगळंच सुचतं, मी तिला सेंट जॉन्सचं विचारलं. ती म्हणाली आठ तास मागं मोजत बसू नको, काटा चार घरं पुढं बघ. आपल्याकडं आठ, तर चार घरं पुढं बारा. सकाळी सहा, तर चार पुढं दहा, रात्रीचे. थंडीत तीन घरं पुढं. मिनिटकाट्याला हातच लावायचा नाही. घड्याळाचा गोल बारा घरांचा आहे, आठ मागं गेलं काय आणि चार पुढं गेलं काय, तिथंच पोचतंय. दिवस की रात्र ते तेवढं लक्षात ठेवायचं, आपली सकाळ म्हणजे त्यांची रात्र.

मस्कतला हे जमत नाही म्हणते, तिथं दीड तास आहे.

साखरपेठ | २४ जून, रात्री ९:१०

पूर्वभाग, तुमच्या अम्मांना आमच्या आईचा नमस्कार सांगा. आईनं ते लगेच पकडलं. मी दोन वर्षांपूर्वी सेंट जॉन्सची वेळ लावलेलं दुसरं घड्याळ आणतो म्हणत होतो, ती नको म्हणाली होती, भिंतीवर दोन वेळा असल्या की घर दुभंगल्यासारखं वाटतं म्हणाली. आता एकाच घड्याळात दोघींची वेळ दिसते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी चाराची तीन घरं करायची आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत चार, हे मी कॅलेंडरवर दोन्हीकडं लाल पेननं लिहून ठेवलंय.

भोंगा, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. तिचे वडील पण मिलमध्ये होते. ती काही बोलली नाही, नंतर स्वयंपाकघरातनं म्हणाली की जुन्या मिलचा भोंगा लांब आणि जाड होता, शेवटी खाली उतरायचा.

आज बहीण मुद्दाम सिग्नल हिलवर गेली होती. सिग्नलहिल ताई पण पाळी संपवून तिच्यासोबत गेल्या, दोघींची भेट झाली. वारा इतका की फोनवर नुसता घरघर आवाज. आम्ही सगळे इकडं भिंतीवरच्या घड्याळाखाली बसलेलो, बाबा, आई, शेजारच्या काकू. बहीण म्हणाली, आता, आता. आणि धडाम्‌. आमच्या घड्याळात आठ वाजून दोन मिनिटं झालेली. आईनं बाबांना स्टुलावर चढवून घड्याळ काढायला लावलं आणि दोन मिनिटं मागं घेतलं.

भोंगा | २४ जून, रात्री ९:४८

आवाज रेकॉर्ड केला असेल तर इथं टाका. वडिलांना ऐकवायचाय.